डोक्यात एकच दांडका, पाचव्या दिवशी मृत्यू: कलम १०३, १०५ की १०६?

फौजदारी_गट (धागाकर्ते)

कायद्याच्या अभ्यासगटासाठी एक काल्पनिक प्रकरण रचले आहे. गटात तीन मते पडली आहेत, म्हणून इथे मांडतो.

बांध कोरल्यावरून दोन शेजाऱ्यांत सकाळी बाचाबाची होते. आधी शिवीगाळ, मग धक्काबुक्की. आरोपी क्र. १ तिथेच पडलेला टिकावाचा दांडा उचलतो आणि समोरच्याच्या डोक्यात एकदा हाणतो. तो कोसळतो. आरोपी पुन्हा मारत नाही, दांडा टाकून निघून जातो. आरोपी क्र. २ हा त्याचा भाऊ, बाजूला उभा. तो "हाण त्याला" असे ओरडला, असे एकच साक्षीदार सांगतो. जखमीला ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात हलवतात, पाचव्या दिवशी तो मरतो. शवविच्छेदनात कवटीला डाव्या बाजूला अस्थिभंग आणि मेंदूवर रक्ताची गाठ. पोलिसांनी आधी भारतीय न्याय संहितेचे ११८(२) (घातक हत्याराने जबर दुखापत) लावले होते, मृत्यूनंतर १०३(१) (खून) आणि ३(५) (समान उद्देश).

प्रश्न असे:
१) एकच फटका म्हणजे खून नाहीच, असे म्हणता येते का?
२) मारायचा उद्देश नव्हता, मग १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) का नाही?
३) उपचारांत उशीर झाला, याचा बचावाला उपयोग होतो का?
४) भावाचे काय?

---

सत्र_बार

आधी कलमांचा ताळमेळ लावू, कारण जुने निकाल वाचताना गोंधळ होतो. सदोष मनुष्यवधाची व्याख्या जुन्या दंड संहितेच्या २९९ मधून न्याय संहितेच्या १०० मध्ये आली, खुनाची ३०० मधून १०१ मध्ये. खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३, सदोष मनुष्यवधाची ३०४ ऐवजी १०५, निष्काळजीपणाने मृत्यू ३०४-अ ऐवजी १०६. कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचे असेल तर भारतीय दंड संहिताच लागते, फिर्याद नंतर नोंदवली तरीही.

"मनुष्यवध झाला, पण खून नाही" हे वाक्य ज्याला नीट उमगले त्याला हा सगळा भाग उमगला. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, उलट मात्र खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली रायवरापू पुन्नय्या प्रकरणात तीन पायऱ्या घालून दिल्या आणि आजही न्यायालये त्याच क्रमाने जातात. आरोपीच्या कृत्याने मृत्यू झाला का? झाला असेल तर ते कृत्य १०० च्या व्याख्येत बसते का? बसत असेल तर १०१ च्या चारपैकी एखाद्या खंडात जाते का, आणि गेले तरी पाचपैकी एखादा अपवाद त्याला बाहेर काढतो का?

तिसऱ्या पायरीवर सगळी लढाई होते. १००(ख) म्हणते, मृत्यू घडण्याचा "संभव" असलेली इजा करण्याचा उद्देश. १०१(ग) म्हणते, निसर्गाच्या सामान्य क्रमानुसार मृत्यू घडण्यास "पुरेशी" असलेली इजा करण्याचा उद्देश. फरक आहे तो शक्यतेच्या तीव्रतेत. मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला याच रेषेवरचा आहे. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारून पाडले, छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर मुठीने दोन-तीन ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. न्या. मेल्व्हिल यांनी हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे असे ठरवले. नुसत्या मुठीने केलेली ती इजा सामान्य क्रमात मृत्यूस पुरेशी म्हणता येत नव्हती. निकाल वाचताना ती पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही, पण कायद्याची रेषा तिथेच आखली गेली.

प्रश्न १ चे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे. १९५८ च्या विरसा सिंग प्रकरणात भाल्याचा एकच वार होता, पोटात. आतडी बाहेर आली आणि जखमी दुसऱ्या दिवशी मेला. खून कायम झाला. न्या. व्हिव्हियन बोस यांनी सरकार पक्षाला चार गोष्टी सिद्ध करायला लावल्या: इजा झाली, तिचे स्वरूप काय, तीच इजा करण्याचा उद्देश होता म्हणजे ती अपघाताने किंवा भलतीकडे लागून झालेली नव्हती, आणि ती सामान्य क्रमात मृत्यूस पुरेशी होती. चौथी गोष्ट वस्तुनिष्ठ आहे. ही इजा जीवघेणी आहे हे आरोपीला ठाऊक होते का, असा प्रश्न तिथे येतच नाही. "मारायचे नव्हते" हा बचाव १०१(क) ला उत्तर देतो, (ग) ला देत नाही. विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच घसरतात.

फटक्यांची संख्या हा अनेकांतला एक निकष. २००६ च्या पुलिचेर्ला नागराजू निकालात बाकीचे सापडतील: हत्यार कोणते, बरोबर आणले की जागेवर उचलले, मर्मस्थानी मारले का, जोर किती, जुने वैर होते का, भांडण अचानक पेटले का, आरोपीने गैरफायदा घेतला का. तुमच्या प्रकरणात दांडा जागेवर उचललेला आहे आणि समोरचा खाली पडल्यावर मारणे थांबले आहे. या दोन गोष्टी बचावाच्या बाजूने जातात. डोके हे मर्मस्थान, ही सरकार पक्षाच्या बाजूने.

---

न्यायवैद्यक_विभाग

वरच्या चार गोष्टींपैकी दुसरी आणि चौथी शवविच्छेदनाच्या कागदावर उभी राहते, आणि कागद तिथेच लंगडा पडतो.

तपास अधिकाऱ्याने डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचे असतात. इजा मृत्यूपूर्वीची आहे का? जप्त दांड्याने ती होऊ शकते का? पडून होऊ शकते का? आणि ती सामान्य क्रमात मृत्यूस पुरेशी आहे का? बऱ्याच अहवालांत "मृत्यूचे कारण: डोक्याची इजा" एवढेच असते. "कारण" आणि "पुरेशी" यांत खून आणि सदोष मनुष्यवध यांच्याइतके अंतर आहे. डॉक्टरने शब्द वापरला नाही म्हणून खटला पडतो असे नाही, इजेच्या वर्णनावरून न्यायालय स्वतः निष्कर्ष काढू शकते. पण मग वर्णन तरी पूर्ण हवे.

दांडा डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा. लांबी, घेर, वजन, लाकडाचा प्रकार आणि टोकाला लोखंडी पट्टी आहे का, हे जप्ती पंचनाम्यात हवे. "एक लाकडी दांडका" एवढ्यावर मत देता येत नाही.

पडून लागले की मारून, हा इथला पहिला बचाव असणार: "धक्काबुक्कीत पडला, बांधाच्या दगडावर डोके आपटले." स्थिर डोक्यावर दांडा बसला तर मेंदूची मोठी इजा सहसा फटक्याच्याच बाजूला असते. हलते डोके जमिनीवर आपटले तर बरेचदा विरुद्ध बाजूचा मेंदू ठेचलेला दिसतो. कवटीचा तुकडा आत खचलेला असेल आणि त्याचा आकार दांड्याच्या टोकाशी जुळत असेल तर मारल्याची बाजू भक्कम होते. नुसती रेषाकार चीर असेल तर दोन्ही शक्यता उरतात. म्हणून "डावीकडे अस्थिभंग" एवढे पुरत नाही. उजव्या बाजूच्या मेंदूवर काय होते, टाळूच्या आतल्या बाजूस रक्त कुठे साकळले होते, हेही लिहा.

शस्त्रक्रिया झाली असेल तर कवटीला पाडलेले छिद्र आणि टाके हे हल्ल्याच्या जखमांपासून वेगळे नोंदवावे लागतात, नाहीतर उलटतपासणीत दोन्ही एकात मिसळतात. सीटी स्कॅनच्या मूळ फिल्म आणि पाचही दिवसांचे केसपेपर जप्त करा, नुसता डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश नव्हे.

ग्रामीण रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. घाबरलेले नातेवाईक कधी "पडून लागले" असे सांगतात आणि तेच लिहिले जाते. पाच दिवसांनी ती एक ओळ बचावाचा मुख्य आधार होते. जखमी शुद्धीवर होता का, तेही तिथेच कळते. तो बोलू शकत होता आणि जबाब घेतला नाही, तर मृत्युपूर्व जबाब कायमचा गेला. डॉक्टरच्या प्रमाणपत्राअभावी असा जबाब आपोआप बाद होत नाही, हे घटनापीठाने २००२ मध्ये लक्ष्मण वि. महाराष्ट्र राज्य यात सांगितले आहे. तरीही प्रमाणपत्र घ्यावेच.

प्रश्न ३ चे उत्तर कलमातच आहे. १०० चे स्पष्टीकरण २: योग्य उपचाराने मृत्यू टळला असता, तरी ज्याने इजा केली त्यानेच मृत्यू घडवला असे मानले जाते. स्पष्टीकरण १ प्रमाणे मृताला आधीच आजार होता आणि इजेने मरण लवकर आले, तरी तेच. उपचारातला उशीर कारणाची साखळी तोडत नाही. मात्र "सामान्य क्रमात पुरेशी" हे तपासताना बचाव पक्ष उशीर पुढे आणतोच. त्याला उत्तर एवढेच, की उपचार मिळालेच नसते तर त्या इजेने माणूस मेला असता का, हे बघायचे असते.

---

फौजदारी_गट

दोघांचेही मनापासून आभार. मग खुनाच्या व्याख्येतला अपवाद ४ (अचानक झालेले भांडण) लागू होतो का? गटात एकजण म्हणतो की बांध कोरणे हाच गंभीर प्रक्षोभ आहे, म्हणजे अपवाद १.

आणि एक उपप्रश्न: मेला असे समजून त्याला विहिरीत टाकले असते आणि तो बुडून मेला असता तर?

---

सत्र_बार

अपवाद १ विसरा. प्रक्षोभ गंभीर आणि आकस्मिक, दोन्ही हवा, आणि त्या भरात आत्मसंयम सुटलेला हवा. नानावटी प्रकरण (घटना २७ एप्रिल १९५९, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६१) याचेच माप आहे. पत्नीने दिलेली परपुरुषाशी संबंधांची कबुली आणि नानावटींनी त्या पुरुषावर केलेला गोळीबार यांत जवळपास तीन तास गेले. मधल्या वेळेत त्यांनी बायको-मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या कारणाने रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. संयम सुटलेला माणूस असे वागत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असे निर्दोष ठरवले होते, तरी शिक्षा जन्मठेपेची झाली. बांध कोरण्याचा राग गावात कितीही खरा असला, तरी तो महिनोन्महिने साचलेला असतो. त्याला आकस्मिक म्हणणे अवघड.

अपवाद ४ मात्र तुमच्या प्रकरणाला जवळचा. पूर्वनियोजन नसावे, भांडण अचानक झालेले असावे, कृत्य रागाच्या भरात झालेले असावे, आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला किंवा क्रूर, अनैसर्गिक रीतीने वागलेला नसावा. भांडण कोणी सुरू केले हे गौण. पण "झटापट" दोन्ही बाजूंनी लागते, नुसती शिवीगाळ पुरत नाही. म्हणून साक्षीदारांच्या जबाबात "धक्काबुक्की झाली" हे कोण, कसे सांगतो ते पाहा. मृत पाठ फिरवून निघाला होता आणि मागून दांडा बसला, असे निघाले तर अपवाद कोसळतो. आरोपी घरी जाऊन दांडा घेऊन आला, असे निघाले तरी कोसळतो. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर (साक्ष्य अधिनियम कलम १०८), पण तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, शक्यतांच्या तोलावर पुरतो. सरकार पक्षाच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही तो पेलता येतो.

विहिरीचा उपप्रश्न मद्रास उच्च न्यायालयाने दोनदा हाताळला आहे. १९१९ च्या पलानी गौंडन प्रकरणात नवऱ्याने बायकोच्या डोक्यात नांगराचा फाळ मारला, ती मेली असे समजून आत्महत्या भासवायला तुळईला टांगले, आणि मृत्यू फासाने झाला. मारताना जीव घेण्याचा उद्देश नव्हता आणि टांगताना ती जिवंत आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून खूनही नाही आणि सदोष मनुष्यवधही नाही. जबर दुखापतीची शिक्षा झाली. १९४३ च्या थवमणी प्रकरणात मात्र पहिल्यापासून जीव घेण्याचाच उद्देश होता आणि मग विहिरीत टाकले. तिथे दोन्ही कृत्ये एकाच बेताचा भाग धरली आणि खून ठरला. म्हणजे तुमचे उत्तर दांडा मारतानाच्या उद्देशावरच ठरेल.

---

सरकारी_बाजू

सत्र_बार यांचा रोख १०५ कडे दिसतो. तो मला घाईचा वाटतो. पुन्नय्या प्रकरण नीट वाचा: मार हातापायांवर होता, डोक्याला हातही लावला नव्हता. जाड काठ्यांनी १९ इजा केल्या होत्या. उच्च न्यायालयाने ३०४ भाग २ धरले, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवून खून कायम केला. टिकावाचा दांडा ही छडी नव्हे. तो दोन्ही हातांनी डोक्यात घातला आणि कवटी आत खचली असेल, तर कोणती इजा करायची होती याबद्दल शंका कुठे उरते? अपवाद ४ सिद्ध होत नाही तोवर १०३ कायम धरूनच आरोप ठेवावा. खुनाच्या आरोपात १०५ खाली शिक्षा देता येते, वेगळा आरोप लागत नाही (नागरिक सुरक्षा संहिता कलम २४५).

१०५ च्या भागांबद्दल थोडे. कृत्य खुनाच्या व्याख्येत बसते पण अपवादाने बाहेर पडते, किंवा उद्देश आहे पण १००(ख) पुरताच, तर भाग १: जन्मठेप, किंवा किमान पाच ते कमाल दहा वर्षे, आणि दंड. किमान पाच वर्षे ही नव्या संहितेची भर. फक्त जाणीव आहे, उद्देश नाही, तर भाग २: दहा वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या कायद्यात भाग २ खाली नुसत्या दंडावरही सुटता येत होते, आता कैद आणि दंड दोन्ही आहेत.

---

रस्ता_अपघात_खटले

प्रश्न २ राहिला. १०६(१) चे शब्द आहेत "सदोष मनुष्यवधात न मोडणारे" हयगयीचे किंवा निष्काळजीपणाचे कृत्य. डोक्यात मुद्दाम दांडा घालणे हे निष्काळजी कृत्य होऊच शकत नाही. फटका हेतुपुरस्सर आहे, परिणाम हवा होता की नाही एवढाच वाद आहे. १०६ तिथे येते जिथे कृत्यामागे कोणालाही इजा करण्याचा उद्देश नाही आणि मृत्यूच्या संभवाची जाणीवही नाही, फक्त घ्यावी ती काळजी घेतली नाही.

जाणीव आली की तेच कृत्य १०५ भाग २ मध्ये जाते. याचे मुंबईतले उदाहरण म्हणजे अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरण. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ मृत्यू, ८ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होते. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरून सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने ३०४ भाग २ धरून तीन वर्षे, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन बेफाम गाडी चालवली तर माणसे मरू शकतात, ही जाणीव त्याला होती असे धरले.

दारूबद्दल गैरसमज फार. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीवर असताना असती तीच "जाणीव" होती असे कलम २४ मानते. "उद्देश" मात्र आपोआप मानत नाही, तो परिस्थितीवरून ठरतो. १९५६ च्या बासदेव प्रकरणात लग्नाच्या पंगतीत प्यायलेल्या निवृत्त जमादाराने जागा सोडत नाही म्हणून एका मुलाला गोळी घातली. तो चालत-बोलत होता, भान पूर्ण गेले नव्हते, म्हणून खूनच.

१०६(१) ची शिक्षा दोन वर्षांवरून पाचपर्यंत वाढली आणि दंड सक्तीचा झाला. नोंदणीकृत डॉक्टरसाठी ती दोन वर्षांपर्यंतच आहे. अपघातानंतर पळून जाण्याबद्दलचे १०६(२) संहितेत छापलेले दिसते, पण १ जुलै २०२४ ला बाकी संहिता अमलात आली तेव्हा ते वगळले होते. फिर्यादीत ते दिसले तर अधिसूचना तपासा.

---

बचाव_नोंदी

भावाबद्दल. ३(५) (जुने ३४) साठी "समान उद्देश" हवा. दोघांचा उद्देश योगायोगाने सारखा असणे पुरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४५ साली महबूब शाह प्रकरणात हा भेद केला आणि तो आजही टिकून आहे. समान उद्देश जागेवरच तयार होऊ शकतो, पण तो दिसावा लागतो: मृताचे हात धरणे, वाट अडवणे, दांडा हातात देणे. नुसती हजेरी आणि एका साक्षीदाराने ऐकलेला एक उद्गार हा कमकुवत पुरावा. तो उद्गार पहिल्या फिर्यादीत आहे की पुरवणी जबाबात उगवला, हे आधी बघा. फटका आणि उद्गार यांचा क्रमही विचारा; दांडा आधीच वर गेला होता तर त्या ओरडण्याने काय घडवले?

उलट, क्र. १ चा गुन्हा १०५ भाग २ वर उतरला म्हणून ३(५) गळून पडते असे समजू नका. भाग २ लाही ते लागू शकते, हे १९६४ च्या अफ्राहीम शेख प्रकरणात ठरले आहे.

प्रक्रियेतली एक अडचण. ११८(२) वर जामीन झाला आणि मग मृत्यू होऊन कलमवाढ झाली, तर पोलिसांनी परस्पर अटक करायची नसते. २०१९ च्या प्रदीप राम निकालाप्रमाणे त्यांनी न्यायालयाकडून आदेश घ्यावा. आरोपीला हजर होऊन वाढीव कलमासाठी जामीन मागता येतो. १०३ किंवा १०५ असले की दोषारोपपत्राची मुदत ९० दिवस, १०६(१) ला ६०, आणि १०६(१) मुळात जामीनपात्र. म्हणून पहिल्या आठवड्यात कोणते कलम लावले, याचा परिणाम निकालाच्या कितीतरी आधी आरोपीच्या आणि मृताच्या, दोन्ही घरांवर होतो.

---

फौजदारी_गट

गटाचे मत आता असे: क्र. १ वर १०३(१) चा आरोप ठेवावा, अपवाद ४ साक्षीदारांच्या धक्काबुक्कीच्या जबाबावर अवलंबून. सिद्ध झाला तर १०५ भाग १. क्र. २ वर ३(५) टिकणे कठीण. १०६ पूर्ण बाहेर. प्रकरणात कवटी "खचली" की नुसती "चिरली" हे आम्ही लिहिलेच नव्हते. ते आता घालतो आणि दोन्ही रूपे वेगवेगळी सोडवतो.

---

न्यायवैद्यक_विभाग

दोन्ही रूपांत मेंदूच्या उजव्या बाजूची नोंदही घाला. आणि दांड्याचे वजन द्या.